कोटांच्या खिडकीपाशी, ग्यूम्री

वसंत मला झाडांवरून कळत नाही.
आमच्या ग्यूम्रीत मार्च सरला तरी बर्फ असतो
गटारांच्या कडेला, काळा, हट्टी.
मला तो कळतो कोटांच्या वजनावरून.

आठ मार्चला पहिला कार्यक्रम,
तेव्हा मेंढीच्या कातड्याची ती ओझी
दोन्ही हातांनी उचलावी लागतात,
एकेक जणू झोपलेलं पोर.
सात एप्रिलला शेवटचा,
तेव्हा रेनकोट एका बोटावर झुलतो.
या दोन तारखांच्या मध्ये
आमच्या गावात बायकांचा महिना.

भिंतीवर पोस्टर लागतं, दरवर्षी डाळिंबाचं,
पालिकेच्या चित्रकाराला दुसरं काही सुचत नाही.
सोमवारी भरतकाम, बुधवारी कळसूत्री बाहुल्या,
शुक्रवारी तीन मुली दुदुक वाजवतात.
हे पुरुषांचं वाद्य, असं कुरकुरत म्हातारे आत जातात
आणि डोळे पुसत कोट मागायला येतात.

मी आत कधी गेले नाही.
एकवीस वर्षं. बिल्ला देणे, बिल्ला घेणे.
दार लागलं की माझ्यापाशी उरतो
आवाजाचा नुसता गाळ
आणि दोनशे कोट,
आपापल्या माणसाच्या खांद्यांचा आकार धरून.
काळज्या खुंटीला टांगा आणि आत चला,
असं व्यवस्थापक हसून म्हणतात.
टांगतात खऱ्याच.
कोणाची कुठे उसवली आहे, ते मला ठाऊक.

सतरा नंबर, शाळेतली सातेनिक:
खिसा फाटून किल्ली अस्तरात उतरलेली.
छप्पन्न, नवी नवरी, बाहीला सेफ्टी पिन.
बेकरीवाल्या झारुहीच्या काखेत भोक,
भोकाला पिठाचा वास.
मी दोरा ओवते.
पहिल्या अंकात काखा, दुसऱ्यात खिसे,
मध्यंतराला सुई माझ्या कॉलरमागे.
आतल्या बाजूनं बारीक हेमटाका,
वरून पाहिलं तर काही झालंच नाही असा.

कोणी विचारलं नाही.
एकदा सातेनिक पायरीवर थांबली,
खिशात हात घातला, काढला, पुन्हा घातला.
तळ लागला तेव्हा
तिनं माझ्याकडे नाही,
छताकडे पाहिलं.

यंदा सात एप्रिलला ऊन पडलं.
खरंखुरं, मानेला चटका देणारं.
संध्याकाळी माझ्या खिडकीपाशी कोणी थांबेना.
उघड्या दंडांच्या बायका समोरून गेल्या
हसत, मान डोलवत, हात मोकळे सोडून.
दोनशे पितळी खुंट्या, रिकाम्या.
त्या इतक्या चमकतात
हे मला माहीत नव्हतं.

मग पेर्चुही आजी आल्या.
वय एकोणनव्वद, अंगात तोच फरचा कोट.
‘ऊन खोटारडं असतं गं,’ म्हणाल्या, आणि तो काढून दिला.
एकच कोट.
कोट एकटा टाकून जायचं नाही,
हा नियम मीच केलेला.
म्हणून तो दंडावर घेऊन
मी दार ढकललं.

आत अंधार. मंचावर एक मुलगी कविता वाचत होती
कोणाच्या तरी हातांवर. आईच्याच असणार,
या महिन्यात सगळे हात आईचेच असतात.
मला मंच नीट दिसलाच नाही.
मी पाठी पाहत राहिले,
कोटांवाचून पहिल्यांदाच.
सातेनिकचा डावा खांदा कलता आहे.
तिचा डावाच खिसा का फाटतो
ते कळायला एकवीस वर्षं लागली.
झारुहीला डुलकी लागली होती, तिला सोडून
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
माझे हात गुंतलेले.

बोटं अस्तरावर फिरत होती.
पाठीच्या मधोमध वीतभर उसवलेलं,
आणि त्याच्या खालीच जुने टाके,
माझे नव्हेत,
माझ्याहून बारीक.
कोण बसत होतं माझ्या आधी
त्या खिडकीपाशी?

कॉलरमागे हात गेला.
सुई होती.
दोरा पांढरा, अस्तर काळं.
पण ओवलेला होता.