खिळ्यांचा पट्टा

शाहूनगरात आमचं घर शेवटचं.
पुढं घायपाताचं कुंपण, पाण्याची टाकी,
आणि मग अजिंक्यतारा सरळ वर चढत जातो.
प्लॉट दाखवताना एजंट म्हणाला होता, निसर्गाच्या कुशीत.
कुशीत आणखी कोण कोण झोपतं
ते त्यानं सांगितलं नव्हतं.

भाद्रपदात बर्ग्यांची मांजर गेली.
मग किर्दत सरांच्या चार गावठी कोंबड्या,
पिसं उडत आमच्या जिन्यापर्यंत आली.
वनखात्याचा माणूस आला, गाडी चालूच ठेवून बोलला:
खरकटं बाहेर टाकू नका, बाहेरचा दिवा ठेवा,
कुत्रं रात्री आत घ्या.
चिखलातल्या ठशाशेजारी एक रुपया ठेवून फोटो काढला,
आणि रुपया न पुसता खिशात टाकला.

कुत्रं आत घ्या.
पण आमचा पापड त्या टाकीखाली जन्मलेला.
आत घेतला की रात्रभर दार खरवडायचा,
दाराचा रंग निघाला, माझी झोप निघाली,
चौथ्या रात्री मीच कडी काढली.
जा बाबा, म्हटलं. तुझं तू बघ.
असं म्हणून कुणी झोपतं का?
पडून राहिले.

दिवाळीनंतर माणदेशातली मेंढरं खाली उतरली.
म्हाकू कोकऱ्याची बायको मोबाइल चार्जिंगला लावायला आली,
चहा पिता पिता पापडाकडं बघून म्हणाली,
"नरडं उघडंच हाय की ह्याचं."
दुसऱ्या दिवशी पट्टा घेऊन आली.
जुनं चामडं, बाहेर तोंड केलेले बोटभर खिळे, दोन गंजलेले.
"वाघ मानंला धरतोय. धरू दे म्हणावं."
आधी कुणाच्या गळ्यात होता, मी विचारलं.
"आमच्या खंड्याच्या. म्हातारा हून मेला,"
हे तिनं असं सांगितलं
जसं कुणी पोराचे मार्क सांगावेत.
पैसे घेतले नाहीत. चार्जर मात्र विसरून गेली.

मार्गशीर्षातली रात्र, पावणेतीन, लाईट गेलेली.
पाणी प्यायला उठले आणि खिडकीशी थांबले.
धुण्याच्या दगडाजवळ तो उभा होता.
मी आधी म्हटलं, कुणाची तरी सतरंजी वाळत राहिली.
सतरंजीनं शेपूट हलवली.

पापड ॲक्टिव्हाच्या पुढच्या चाकाला चिकटून.
भुंकला नाही.
पोस्टमनवर, फुग्यावर, स्वतःच्या शिंकेवर भुंकणारं कुत्रं,
त्यानं तोंडातून चकार काढला नाही.
चांदण्यात फक्त खिळे दिसत होते,
आणि खिळे थरथरत होते.

माझ्या हातात तांब्या.
ओरडावं तर घसा कोरडा, वाजवावं तर हात जड.
तो पापडाकडं बघत राहिला,
किती वेळ, कोण जाणे, मला दहावीचा पेपर आठवला,
मग मान वाकवून
कपडे खळबळायला भरून ठेवलेल्या बादलीतून पाणी प्यायला.
लपलप. लपलप.
डोळे मिटले असते तर शपथेवर सांगितलं असतं,
आमचा पापड पितोय.

भिंतीवर चढला तोही आवाज न करता.
घायपात जरा हलला, तेवढंच.

दार उघडलं तसा पापड आत घुसला,
आपणहून, पहिल्यांदा,
आणि सगळं अंग माझ्या पायांवर टाकलं.
तीन खिळे पोटरीत.

सकाळी सिव्हिलला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला गेले.
सिस्टरनं विचारलं, शाहूनगर? बिबट्या?
नाही हो, म्हटलं, घरचंच.
चावलं?
नाही.
मग काय झालं?
माझ्यामागं रांग होती. मी म्हटलं, लिहा काहीतरी.

आता पापड आत झोपतो, पट्टा खुंटीवर.
बादली रात्री पालथी घालायची, वनखात्यानं सांगितलंय,
पाणी दिसलं की जनावर परत येतं.
घालते.
पोटरीवर तीन ठिपके राहिलेत, काळपट, जवळजवळ.
एखाद्या रात्री बादली पालथी घालायला हात जातो
आणि थोडा वेळ
तिच्या काठावरच राहतो.