बाबलचं सामान

वेंगुर्ल्याचं घर विकून फर्नांडिसबाई
पर्थला लेकीकडे निघाल्या, तेव्हा
पिंजरा टमटममध्ये घालून
कोर्टासमोरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आणला.
वर जुनी चादर, निळ्या फुलांची.
म्हणाल्या, तुझ्याकडे इन्व्हर्टर आहे, पंखा बंद पडत नाही.
पक्षी सांभाळायला एवढी पात्रता पुरत असावी.

मी आयुष्यात कोंबडीसुद्धा पाळलेली नाही.

चर्चच्या कॅलेंडरचं पान, मागे बाईंची यादी:
नाव बाबल. वय एकोणीस.
चहा मागेल. देऊ नये.
सफरचंदाची बी काढून द्यावी.
सातला चादर घालावी, नाहीतर शिव्या देतो.
(शिव्या लिहिल्या नव्हत्या. त्याच रात्री कळल्या.)
नॉनस्टिक तवा नको, त्याच्या धुराने पक्षी मरतो.
त्याला एकटं वाटतं.
याच्यापुढे काय करावं, ते नव्हतं.

तवा शेजारच्या वैजूला देऊन टाकला.
माळ्यावरचा बिडाचा उतरवला, कांदा घासला, तेल पाजलं.
तरी आठ दिवस एक घावन धड सुटलं नाही.
आम्ही दोघांनी तुकडे खाल्ले,
म्हणजे मी खाल्ले.
तो पाठ करून बसलेला,
राखाडी, शेपटीवर तेवढं कुंकू सांडलेलं,
आणि छातीवरचं एकेक पीस उपटून
वाटीत टाकत होता
कुणाचं देणं फेडल्यागत.

कुडाळचे डॉक्टर म्हशींचे.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईलवर बराच वेळ वाचलं,
म्हणाले, रोग नाय हो हा. माणूस बदललाय त्याचा.
दर रविवारी वजन करा.
रव्याच्या काट्यावर चारशे नऊ.
चारशे एक.
तीनशे ब्याण्णव.

संध्याकाळी मी फाटकाची कडी काढली
की आतून बाईंचा आवाज, हुबेहूब, जरा घसा बसलेला:
“इलंस? खंय होतंस गो?”
पहिल्यांदा मी चप्पल हातात घेऊन
उंबऱ्यावर तशीच उभी.
मग उत्तर दिलं.
बंदरावर गेले होते, बांगडा नाही मिळाला,
ज्याला त्याला सुरमईचाच भाव.
दारात मी दिसले तसा तो गप्प झाला.
प्रश्न माझ्यासाठी नव्हता.
शाळेतून उशिरा येणाऱ्या रोझिताचा होता,
जिला आता स्वतःची दोन मुलं आहेत
आणि जिच्या देशात
फाटकाला कडी नसते म्हणे.

तरी मी रोज उत्तर देत गेले.
देवगडच्या रस्त्याचं काम, टोनरचा भाव,
सातबाऱ्याच्या वीस प्रती काढून
पैसे उद्या म्हणणारा वकील.
गणपती झाले. चतुर्थीची करंजी त्याने
फक्त फोडून बघितली.

मग एका रविवारी, काट्यावर उभा असताना,
खालच्या पट्टीत, उसासा सोडून,
तो म्हणाला, “असो.”

माझं असो.
भावाचा फोन ठेवल्यावरचं,
घावन फाटल्यावरचं,
दिवा घालवतानाचं.
मी दिवसाला किती वेळा म्हणते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
सांगायला घरात होतं कोण.
काट्यावर चारशे सात.

हे पक्षी साठीपर्यंत जगतात, डॉक्टर म्हणाले होते.
मी सत्तेचाळीस. हिशोब
कुणीही करू शकेल.

रात्री वाया गेलेल्या एका प्रतीची
कोरी बाजू वर घेतली आणि लिहायला बसले:
चहा मागेल. मी दोनदा दिला, माझी चूक.
बिडाचा तवा सोबत देत आहे.
कडी वाजली की विचारतो.
उत्तर द्यावं, काहीही चालेल, माशांचे भाव चालतील.
कधीकधी असो म्हणतो.
ते

इथे अडले.
तो खुर्चीच्या पाठीवर, मान तिरकी करून
कागदाकडे बघत होता.
पेनाचं टोपण
त्याने केव्हाच पळवलं होतं.