शेरा

आठवा रकाना शेऱ्याचा. इतका अरुंद
की 'समाधानकारक' सुद्धा
दोन ओळींत मोडून लिहावं लागतं.

उपकेंद्राच्या ओट्यावर आम्ही दोघी.
मध्ये कोकिळा मालचेचं रजिस्टर,
त्याला पोराच्या जुन्या भूगोलाचं कव्हर.
नकाशा उलटा बसलाय,
तापी पूर्वेला वाहते.

मी गटप्रवर्तक. वीस आशांचं काम तपासते,
माझं जळगावात कोणीतरी तपासतं.

तिसऱ्या दिवशीची भेट. सातव्या. चौदाव्या.
चौदाव्याची शाई वेगळी.
"गेली होतीस?"
ती नखानं ओट्याचा पोपडा काढत राहते.
नव्हती गेली. कापूस वेचायला होती,
किलोमागे दहा रुपये, संध्याकाळी हातात.
आमचे दिवाळीचे होळीला येतात.
मी त्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल करते,
पुढचं पान उलटते.

वजनकाट्याची स्प्रिंग सैल झालीय.
बोरखेडीची सगळी बाळं दीडशे ग्रॅम जास्त भरतात.
कोकिळा मनात वजा करून लिहिते.
हे मला माहीत, तालुक्याला नाही.

मग लाल रेघ. लसीकरण : एक बालक बाकी.
गुमान भिलाचा सुपडू.
भाऊबीज झाली तशी ट्रक भरला,
पत्र्याची पेटी, कोयते, तीन कोंबड्या,
आणि रेशमीच्या पदराखाली हा, अडीच महिन्यांचा.
बारडोलीकडे, ऊस तोडायला.

कोकिळानं मुकादमाला अकरा फोन केले.
बाराव्याला त्यानं शिवी हासडली.
तेराव्याला म्हणाला, घे, बोल तिच्याशी.

ती मोबाइल माझ्यापुढं धरते.
तडकलेल्या काचेखाली एक मांडी,
मांडीवर टोचल्याची गाठ.
फोटो हललाय, पोरगं रडत असणार.
मागं पाचट जळतंय.

"कार्ड?"
"कोपीत भिजनं."
"फोटो चालत नाही, कोकिळा."

तिचा आवाज चढत नाही.
"मन्हा रकाना कोरा ठेव, ताई.
पन त्याले लस लागनी शे,
ते खोटं करू नको."

पलीकडे नळाला पाणी आलं,
बायकांचे हंडे वाजू लागले.
मी पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
मग आठव्या रकान्यात लिहिलं :
मांडीला गाठ पाहिली.
'पाहिली' रेघेबाहेर गेलं.
एकूण गुण, दहापैकी सहा.
तिनं सही केली, सहाकडे न बघता.

उठताना म्हणाली, "नवा काटा कवय येई?"
"तीनदा मागणी गेलीय."

ते चौदाव्या दिवसाचं बाळ
मारुतीच्या पाराजवळच राहतं.
आज त्याचा एकोणिसावा,
ज्याला फॉर्मात घरच नाही.
आम्ही दोघी तिकडं वळलो,
झोळी तिच्या खांद्याला,
दीडशे वजा करायचं काम माझ्याकडं.