खालचा आकडा

वरचा आकडा सगळ्यांना कळतो.
जेटीवरच्या बायाही विचारतात, "किती गो बीपी?"
मी खालचा सांगते.
वरचा म्हणजे हृदय दाबतं तेव्हाचा,
खालचा, ते क्षणभर सैल सोडतं तेव्हाचा.
रेवती वासावेचा खालचा एकशेबारा होता.
विसाव्यातही विसावा नाही, असं ते असतं.

आठवा महिना, पहिलटकरीण.
तोंड सुजलेलं. सासू म्हणाली, तेज चढलाय.
अंगठी निघत नव्हती, साबण लावूनही.
नळीत लघवी तापवली, अ‍ॅसिडचे थेंब टाकले,
पांढरं झालं ते पांढरंच राहिलं, शिजल्या अंड्यासारखं.
"डोका लय दुखताय बाय, नि काजवं दिसतायत."
पौष होता.
पौषात आमच्याकडे काजवे नसतात.

सासू म्हणाली, सुकी मच्छी खाल्लीन, खारं बाधलं.
जाऊ म्हणाली, तिन्हीसांजेची पुळणीवर गेलेली.
मी म्हटलं, खाऱ्यानं नाही, पुळणीनं नाही,
हिनं काहीच केलेलं नाही.
आत वार नीट रुजली नाही.
कांदळाचं रोप चिखलात पाय पसरतं ना,
तशी वारेनं मुळं घालायची,
आईच्या रक्तवाहिन्या रुंद करायच्या, खाडीसारख्या.
हिच्या राहिल्या वहाळाएवढ्या.
बाळाला पुरत नाही, मग वार
आईच्या रक्तात काहीबाही सोडत राहते,
नि सगळ्या अंगाला उधाण येतं.

का रुजली नाही, ते
प्रशिक्षणातल्या मॅडमनाही पुरतं ठाऊक नव्हतं.
हे मी सासूला सांगितलं नाही.

मयुरा आडिवरेकरला मी काजव्यांचं विचारलंच नव्हतं.
यंत्राचा फुगा गळत होता.
मागणीपत्राची कार्बन प्रत अजून आहे माझ्याकडे,
तारीख, सही, सगळं बरोबर.
तिला झटके आले तेव्हा, मी पोचायच्या आधी,
अंगात आलं म्हणून कुणी नारळ फोडला होता.
खोबऱ्याचे तुकडे उंबऱ्यात तसेच.

रेवतीच्या गुडघ्यावर टिचकी मारली, पाय उडाला.
मग मॅग्नेशियम. दहा कुप्या,
पाच एका बाजूला, पाच दुसऱ्या, खोल.
आग होईल, म्हटलं, अंग तापल्यासारखं वाटेल, ओरड हवं तर.
ती ओरडली नाही. म्हणाली,
"ह्यांना फोन लागत नाय."
ट्रॉलर खोल पाण्यात होता.

ओहोटी लागलेली. होड्या चिखलात कुशीवर,
खाडी पलीकडे दिसते नि जाता येत नाही.
गाडी पुलावरून वळसा घालून आली, सव्वा तासानं.
तोवर रेवती डाव्या कुशीवर, होड्यांसारखीच,
मी पट्टा फुगवतेय, सोडतेय, ऐकतेय,
सासू कुपीमागून कुपी मोजतेय,
रिकाम्या कुप्यांची तिनं सरळ रांग लावलेली.

औषधानं आवरतं, सुटत नाही. सोडवणूक एकच:
बाळ बाहेर, वार बाहेर.
रत्नागिरीत पहाटे तीनला पोट उघडलं.
मुलगी. सोळाशे पन्नास ग्रॅम. काचेत.
सगळे म्हणाले, सुटली.
तिसऱ्या दिवशी खालचा अठ्ठ्याण्णव.
वार गेली तरी पाणी लगेच उतरत नाही,
हे मी नर्सला दोनदा सांगितलं. ती वैतागली.
वैतागू दे.

बेचाळिसाव्या दिवशी घरी गेले.
खिडकीत पावडरच्या डब्यावर अंगठी,
तिथं चिमट्यानं कापलेली, तोंड उघडं.
"सांधून घेऊ," रेवती म्हणाली, "पन आता नको."
पुढच्या खेपेला, मी म्हटलं, तिसरा संपायच्या आत ये.
छोटी अ‍ॅस्पिरिन असते, कॅल्शियम असतं.
खात्री नाही देत. धोका कमी होतो.

निघताना सासूनं कागदात बोंबील बांधले.
"खारं हायत," म्हणाली, डोळे खाली, "चालंल ना?"
चालेल, म्हटलं.
आणि पिशवीतून पट्टा काढला.
"आता तुमचा हात द्या."
साठी उलटलेल्या त्या दंडाला
आजवर कुणी बांधला नव्हता.