मार्चची प्रत

इद्रियातली पाऱ्याची खाण बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो.
आता नदीकडच्या उतारावर दुकान आहे माझं,
कीबोर्डांचे सांगाडे आणि एक हीटर.
मिलोयका वोंचिना आली ती कॉम्प्युटर
तान्ह्या मुलासारखा शालीत गुंडाळून.
"सुरू होतोय," म्हणाली, "पण पत्रं नाहीत."

पत्रं म्हणजे ईमेल. ती तसंच म्हणते.
एकोणीस वर्षांची, लेसच्या शाळेची चिटणीस म्हणून आलेली-गेलेली:
नमुन्यांचे स्कॅन, दोऱ्याची बिलं,
ग्राट्झच्या एका बाईची दर नाताळात तीच चौकशी.
भाचा म्हणायचा, सगळं क्लाउडवर ठेव, मावशी.
ही म्हणायची, ढगातून आमच्याकडे फक्त पाऊस येतो.

मी आत गेलो. फोल्डरात फोल्डर,
त्याचं नाव म्हणजे मांजर कीबोर्डावरून चालत गेल्यासारखी अक्षरं,
आणि तिथे इनबॉक्स. एकच फाइल,
अकरा जीबीचं एक सलग वाक्य.
लोकांना वाटतं प्रत्येक पत्राला आपलं पाकीट असतं.
नसतं. एकाच्या शेपटीला दुसरं शिवलेलं.
मधला टाका उसवला
की पुढचं सगळं कुणाचंच नाही.

"बॅकअप?"
तिने पर्समधून लेसची छोटी पिशवी काढली,
पिशवीतून पेनड्राइव्ह.
मार्चमधला. ऑक्टोबर संपत आला होता.

जुनं फोल्डर बाजूला सरकवलं.
पुसलं नाही; पुसायचं नसतं, हे मी एका वकिलाचं
सगळं घालवून शिकलोय.
प्रोग्राम पूर्ण बंद केला, मार्च आत ओतला,
आणि हिरवी पट्टी रेंगाळत होती तोवर
तिच्या डब्यातले झ्लिक्रोफी दोघांनी गारच खाल्ले.

पत्रं आली. सगळी ठळक अक्षरांत,
बत्तीस हजार, जणू एकही वाचलेलं नाही.
"हे वाचलंय मी. हेही. अहो, यांना तर उत्तर दिलंय!"
पडद्यासमोर ती साक्ष देत राहिली.
मग बोट थांबलं.
आल्बिना. बहीण. फेब्रुवारी.
आईची लेस विणायची उशी कुणाकडे राहील, यावरून
दोन पानं, एकही स्वल्पविराम नसलेली.

"हे मी मे महिन्यात काढलं होतं," ती म्हणाली.
"कचऱ्यातूनसुद्धा."

पण मार्चला मे ठाऊक नसतो.
मार्चमध्ये त्या दोघी बोलत नव्हत्या.
मागचे पाढे पंचावन्न, बिनचूक, एकही बाइट न गाळता.
आणि मेमध्ये आल्बिना दारात उभी राहिली होती
ओल्या बुटांनी, उशी काखेत घेऊन,
त्याचं पत्र नव्हतंच कधी.
त्याची प्रत कुठून आणू?

"पुन्हा काढू?" मी विचारलं.
कर्सर लुकलुकत होता. हीटर कुरकुरत होता.
"एप्रिलनंतरचं मिळेल?"
"फाटक्या फाइलमधून वेचावं लागेल. रात्र जाईल. सगळं नाही मिळणार."
"वेचा. आणि हे राहू दे.
पण इथे नको, समोर. वेगळं फोल्डर करा."
"नाव?"
तिने शालीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.
"मे."

मी टाइप केलं. पत्र ओढून आत टाकलं.
पावती ईमेलने पाठवू का म्हटलं,
तर म्हणाली,
कागदावर द्या.