डाव्या पायाची चप्पल

एकतीस वर्षं नोटप्रेसमध्ये कागद तपासला.
दहाच्या नोटेच्या पाठीवर तिघं,
गेंडा, हत्ती, वाघ,
शेअर रिक्षात बसल्यासारखे चिकटून.
एका शीटवर किती गेंडे, ते विचारू नका,
बाहेर सांगायचं नसतं.
मी बघायचे शाई फुटलीय का,
शिंग अर्धंच उमटलंय का.
गेंडा म्हणून गेंड्याला
एकदाही पाहिलं नाही.

फंडाचे पैसे आले.
लेक म्हणाला, फ्लॅटचं कर्ज फेडू.
म्हटलं, थोडं फेड.
उरलेल्यात मी आणि खैरनारबाई
विंडहुकहून निघालेल्या एका उंच ट्रकात चढलो,
म्हणजे आम्हाला चढवलं.
वीस दिवस. तंबू आपणच ठोकायचा, आपणच उपटायचा.
त्यांचा गुडघा आणि माझी कंबर वगळता
दोघींत मिळून एक धड बाई होत होती.

तेंदाई, आमचा ड्रायव्हर, पहिल्याच रात्री म्हणाला:
तंबूत संत्रं नको, हत्तीला वास लागतो.
चपला बाहेर नकोत, तरस नेतं.
टॉर्च डोळ्यांवर नको.
आणि गप्प बसा.
तीन गोष्टी खैरनारबाईंना मराठीत सांगितल्या,
चौथी मराठीत सांगूनही जमेना.

एटोशाच्या पाणवठ्यावर जमली.
रात्रीचे साडेअकरा, दगडी कठडा, पिवळा दिवा.
गेंडा आला.
दोन शिंगं.
आधी वाटलं, छपाईत चूक आहे.
बोटं लाल पेन्सिल शोधायला गेली, खरंच गेली.
मग तो वाकला
आणि पाण्यातला गेंडा वर येऊन
त्याच्या ओठाला टेकला.
कितीतरी वेळ पीत होता.
खैरनारबाई रडत होत्या की सर्दी झाली होती,
विचारलं नाही.

पुढे बोत्स्वानात, खवाई नदीकाठी,
पिठलं शेकोटीवर लागलं, त्या गडबडीत
चपला बाहेरच राहिल्या.
सकाळी उजवी नव्हती.
वाळूत तरसाचे पंजे,
मध्येच फरफटल्याची एक रेघ.
तेंदाई हसून ट्रकच्या चाकाला टेकला.
डावी मी घरी आणली.
कशाला, ते सुनेलाही सांगता आलं नाही.
शूरॅकवर सगळ्यात खाली ठेवली.

पौष. पंचकची ऊसतोड सुरू होती.
रात्री अडीचला सोसायटीच्या ग्रुपवर:
जेलरोडला बिबट्या, दारं लावा.
गच्च्या भरल्या. कुणी डबा बडवतंय,
कुणी मोबाइल उंच धरलाय.
मी दिवा घालवला
आणि खिडकीच्या ग्रीलमागे स्टूल ओढून बसले.

कंपाउंडवरून तो असा उतरला
जसा रतीबाचा गवळी उतरेल.
लिंबाच्या कुंडीला अंग घासलं.
नातवाचे बूट हुंगले, सोडले.
लेकाच्या सँडल.
मग डावी.

थांबला.
वर्ष झालं होतं, पण शिवणीत
वाळू असणार तिथली,
त्या तरसाची लाळही, थोडीशी.
त्याचे कान मागे गेले.
या गल्लीत कुठल्याच बिबट्याला
न मिळालेला वास तो वाचत होता,
सावकाश, अक्षर लावत.

मग त्यानं मान वर केली.
नोटेवरचा वाघ
कधी असा बघत नसे.

निरभवण्यांच्या गच्चीवरून झोत आला, थेट तोंडावर.
"डोळ्यांवर नको रे!"
मी ओरडले, इतक्या जोरात
की चौथा नियम मीच मोडला.
तो गेला. भिंत, पन्हाळी, अंधार.

सकाळी वनखात्याची माणसं आली,
ठशाभोवती चुन्याचं रिंगण काढलं,
वय विचारलं. त्याचं नव्हे, माझं.
सून केरसुणी घेऊन आली, म्हणाली,
"आई, चप्पल उलटी पडलीय,
घरात भांडणं होतात अशानं."
वाकली.
म्हटलं, राहू दे.