दोनच द्या कापून

येलदरी रोडवर आमचं दुकान.
कात्री काउंटरला दोऱ्यानं बांधलेली,
दिवसातून चाळीसदा हातात येते.

मुंजाजी गवंडी आला, गाल सुजलेला, कोपरापर्यंत सिमेंट.
"दाढ लई ठणकायली ताई. दोनच द्या कापून."
चिठ्ठीवर पंधरा. पाच दिवसांच्या.

म्हणलं, मुंजाजी, विटा रचल्या
आणि सांधे भरलेच नाहीत, तर?
"काय व्हायचंय. वरून वजन पडलं की भिंत पोट काढती."
तसंच बघा. जंतूला अंगाभोवती भिंत असते,
वाढताना तो ती उसवतो, परत जोडतो.
ही लाल-पिवळी गोळी त्याच्या गवंड्याचे हात धरते.
आतल्या पाण्याचा दाब वाढतो
आणि तो आपल्याच भिंतीतून फुटतो.
आपल्या पेशींना अशी भिंतच नाही,
म्हणून आपण वाचतो.

तो एका बाजूनं हसला.
"म्हंजे त्याच्या गवंड्याला सुट्टी."

मग बाकीचं सांगितलं, रोज सांगते तसं :
पोट बिघडेल. आत आपले राबणारे जंतूही असतात,
गोळी कुणाचं गाव विचारत नाही.
अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला
तर पुढची गोळी घ्यायची नाही, सरळ सरकारी दवाखाना.
आणि ही दुसरी, पांढरी, हिच्यानं तोंडाला
कल्हई गेलेल्या पितळेतल्या ताकाची चव येईल.
ती चालू असताना संध्याकाळची घ्यायची नाही.
"कोणती संध्याकाळची?"
मी चपलांकडं बघितलं, त्यानंही चपलांकडं.

एक सांगितलं नाही.
सुंद्रामावशीला टीबी झाला तेव्हा मी तिसरीत होते.
चारठाण्याचा कंपाउंडर सायकलवर यायचा,
साठ सुया. खोकला गेला,
बांगड्या परत दंडाला लागल्या,
मग कान गेले.
आधी टिटवी गेली, मग कुकरची शिट्टी, मग आम्ही.
कानाच्या शंखात केसाळ पेशी असतात, फार थोड्या,
एकदा जळाल्या की त्यांना पालवी नाही.
डी.फार्मच्या पुस्तकात ही एक ओळ होती.
मी तिच्याखाली रेघ मारली,
दोन मार्काला यायची.

मावशी अजून ज्वारीत माळ्यावर उभी राहते,
गोफण फिरवते, हाळी देते.
पाखरं उठली की तिला कळतं,
आवाज निघाला.
एकदा खुणेनं विचारलं, राग येतो का त्या सुयांचा?
ती शिवारभर ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली,
"मेले असते की गं!"

"मग, दोन?" मुंजाजी.
दोन गोळ्यांत दाढ गप बसेल, म्हणलं,
पण जंतू सगळे मरणार नाहीत.
जे चिवट ते उरतात,
त्यांच्यातल्या एखाद्याकडं कात्री असते,
माझ्यासारखी नाही, डोळ्याला न दिसणारी,
गोळीचं कडंच तोडणारी.
मग तो पोराबाळांना कात्री वाटतो,
शेजाऱ्यांनाही देतो, उधार, वही न ठेवता.
पुढच्या बारीला तुमच्या लेकीचा घसा आला
की माझ्याकडं द्यायला काही नसेल.

लेकीचं नाव काढल्यावर तो कपाट बघू लागला.
खिशात एकशे दहा होते.
बाकीचे वहीत लिहिले,
मालक संध्याकाळी बोललेच.
दहाची एक पट्टी अख्खी,
दुसरीतून पाच.
कात्री लागलीच.

चौथ्या दिवशी बाजारातून येताना
परातीवरून कुणीतरी हाक मारली.
गाल उतरलेला. हातात ओळंबा.
"बरी झाली दाढ, ताई!"
किती राहिल्या? मी खालून ओरडले.
त्यानं ओळंबा दातात धरला
आणि बोटं दाखवली.
चार की पाच, उन्हात नीट दिसलं नाही.